सनाच्या खिडकीतली नागपुरी सुरई

मित्रांनो, मी एक जुनी सुरई आहे. तोटीचा टवका उडालेला, गळ्यापाशी पांढरा खार चढलेला, अशी सध्या कपाटावर बसून असते. पण माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका हं! तुमच्यापैकी किती जण विमानात बसले आहेत? मी बसले आहे. तेही मालकाच्या मांडीवर, अगदी लाडात.

माझा जन्म नागपूरच्या एका कुंभाराच्या अंगणात झाला. मातीत राख आणि बारीक रेती कालवून त्यानं मला चाकावर घडवलं आणि भट्टीत भाजलं. आमच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यातून पाणी हळूहळू पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. वारा जितका कोरडा, तितकं पाणी गार.

मला विकत घेतलं नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या रूपरावांनी. ते गिरणीत मागावर काम करायचे. त्यांनी बोटानं मला वाजवून पाहिलं, "खणखणीत आहे गा!" म्हणाले आणि कडेवर घेऊन घरी आणलं. भीमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पहिले काही दिवस माझ्यात पाणी भरलं आणि फेकून दिलं, नव्या मातीचा वास जावा म्हणून. मग बुद्धाच्या तसबिरीखाली माझी तिपाई मांडली आणि गळ्याला ओलं फडकं बांधलं. काय तो थाट! शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, पाणी प्यावं तर रूपरावांच्या सुरईचं.

रूपरावांची एक रीत होती. घरातून कुणीही बाहेर निघालं की ते स्वतः माझ्यातून गिलास भरून त्याच्या हातात देत. नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या दारातून माणूस तहानलेलं जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांची एकुलती एक लेक कौसल्या माझंच पाणी पिऊन शाळेत गेली, माझंच पाणी पिऊन नर्सिंगच्या परीक्षेला गेली. पास होऊन ती गावातल्याच धंतोलीच्या दवाखान्यात कामाला लागली तेव्हा रूपरावांची छाती किती फुगली होती म्हणून सांगू!

आणि मग तो वाईट दिवस आला. कौसल्याला परदेशात नोकरी लागली. अरब देशातलं येमेन, आणि त्यातलं सना नावाचं शहर. रूपराव भडकले.

"धंतोलीत दवाखान्यावर दवाखाना आहे. तुले तिकडं काहून जा लागते? एकटी पोरगी!"

"बाबा, शिकवलं तुम्हीच नं? मंग आता काहून अडवून राहिले?"

खरं तर रूपराव घाबरले होते. पण त्यांची भीती नेहमी रागाचाच सदरा घालून बाहेर पडायची. कौसल्या निघायच्या दिवशी पेटी दारात आली. तिनं "जयभीम बाबा" म्हटलं आणि सवयीनं पाण्यासाठी हात पुढे केला. रूपरावांनी मला उचललं, मोरीत उलटं केलं आणि तसंच पालथं ठेवून दिलं. सगळं पाणी वाहून गेलं. कौसल्या तहानलेलीच गेली. मित्रांनो, मी मातीची आहे, पण त्या दिवशी मला फार रडू आलं.

पुढे दोन वर्षं बापलेकीत एक शब्द नाही. कौसल्या पत्रं लिहायची ती मायला; भीमाबाई ती मोठ्यानं वाचत. रूपराव शेजारच्या खोलीत पेपर धरून बसत आणि कान इकडे लावत. मग एका मे महिन्यात तिनं दोघांनाही भेटीला बोलावलं. दोघांची तिकिटं आली. निघायच्या दिवशी सकाळी उठून रूपरावांनी मला तिपाईवरून उतरवलं आणि भीमाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायला घेतलं.

"अवो, हे काय करून राहिले?" भीमाबाईंनी विचारलं.

"अरबस्तान म्हणजे नुसती रेती. इथं हे हाल, तं तिथं काय भट्टी असंल! पोरीले थंड पाणी तरी भेटंल."

भीमाबाई काय समजायचं ते समजल्या. मीही समजले. त्यांना तो न दिलेला गिलास द्यायचा होता, आणि माफी मागायला तोंड उघडत नव्हतं. ती पिईल का, एवढीच त्यांना धास्ती. मलाही तीच.

सामान तरी काय घेतलं म्हणता! मलमलचे सदरे, कैरीचं पन्हं, उन्हाची झळ लागू नये म्हणून पिशवीभर कांदे. गरम कपडा म्हणाल तर एक नाही. मुंबईपर्यंत आगगाडीनं आणि पुढे विमानानं मी रूपरावांच्या मांडीवरच होते.

आणि संध्याकाळी सनाला उतरलो तर काय! गार वारा सुटलेला, रूपराव मलमलच्या सदऱ्यात कुडकुडताहेत आणि भीमाबाईंनी पदर कानांवरून घट्ट ओढलेला. अहो, सना हे उंच डोंगरांमधलं शहर! वाळवंट कुठलं न् काय कुठलं. विटांची पाच-पाच, सहा-सहा मजली जुनी घरं, खिडक्यांभोवती पांढरी नक्षी, वर अर्धगोल रंगीत काचा. आत दिवा लागला की त्या काचा लाल-निळ्या होत. माझं रूप कुणाच्या डोळ्यांत भरेल अशी माझी समजूत होती, पण त्या शहरापुढे मी गप्पच बसले.

कौसल्या विमानतळावर घ्यायला आली होती; तिची खोली पार वरच्या मजल्यावर होती. उंचावरची हवा विरळ, रूपराव दर जिन्यावर धापा टाकत. कौसल्या म्हणाली, "आणा बाबा, मी घेते." पण त्यांनी मला सोडलं नाही. वर पोचल्यावर लुगडं सोडलं. कौसल्यानं मला पाहिलं. ओळखलं. आणि मान फिरवली.

रूपरावांनी मला भरलं, गिलास ओतला आणि तिच्यापुढे धरला.

"बाबा, एवढ्या थंडीत थंड पाणी कोण पेते?" ती म्हणाली आणि सुंठ घातलेला गरम काढा करायला गेली. कॉफीच्या टरफलांचा तो काढा तिथं घरोघरी पितात.

थंडी म्हणून नाही म्हणाली, की राग म्हणून? रूपरावांना कळेना, मलाही कळेना. त्यांनी गिलास परत माझ्यात ओतला आणि मला कोपऱ्यात ठेवलं. पुढचे काही दिवस मी तिथंच होते. ज्या गावात पाणी आपोआप गार होतं तिथं माझ्यासारखीचा काय उपयोग? जीव नुसता कानकोंडा झाला.

मग एका सकाळी घरमालकीण वर आली. तिला सगळे उम्म याह्या म्हणत, म्हणजे याह्याची माय. तिची नजर माझ्यावर पडली आणि ती आनंदानं ओरडलीच. भाषा कुणाला कळणार? तिनं मला उचललं आणि खिडकीचं एक दार उघडलं. बाहेर भिंतीला लागून विटांची जाळीदार पेटी होती. आणि आत कोण असावं? मातीची एक सुरई! गळा माझ्याहून आखूड, पण अंग तसंच पाझरणारं. तिथंही दुपारी ऊन चटकतं आणि ही माणसं पाणी गार करतात ते अगदी आपल्यासारखंच. उम्म याह्यानं मला भरून तिच्या शेजारी बसवलं. काय कोरडा वारा होता तो! इतकं गार पाणी मी नागपुरातसुद्धा केलं नव्हतं.

दुपारी कौसल्या दवाखान्यातून आली. उन्हातून आलेली, सगळे जिने चढून दमलेली. रोजच्यासारखी पाण्यासाठी खिडकीकडे गेली, दार उघडलं आणि मला पाहून थबकली. मागे रूपराव उभे होते. ते पुढे झाले, मला बाहेर काढलं, गिलास भरला.

"चुकलो वं पोरी मी," ते म्हणाले. "त्या दिवशीचं पाणी हाये हे. पे."

कौसल्याचे डोळे भरून आले. "त्या दिवशी गाडी सुटेपर्यंत मी पाणी नाही पेली बाबा. वाटे, तुम्ही स्टेशनवर येसान. गिलास घेऊन येसान." तिनं गिलास घेतला आणि एका दमात रिकामा केला. पुन्हा पुढे केला. मग तिसरा भरून बापाच्या ओठांना लावला.

भीमाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "एका गिलासासाठी मले इमानात बसवलं! घरीच दिला असता तं?" आणि तिघंही हसत सुटले.

नोकरीची मुदत संपल्यावर कौसल्या नागपूरला परत आली, मला मांडीवर घेऊन. पुन्हा धंतोलीत काम करू लागली. मग घरात फ्रिज आला आणि मी कपाटावर गेले. पण आजही थकलेले रूपराव रात्रीच स्टुलावर चढून मला खाली काढतात, भरून ठेवतात आणि सकाळी ती कामावर निघते तेव्हा दारात गिलास घेऊन उभे राहतात. तोटी गळते, गिलास अर्धाच भरतो. ती घोटभर पिऊन चप्पल घालते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मातीच्या भांड्यांना जपा, त्यांना लवकर तडा जातो. माणसालाही जातो. रागाच्या भरात कुणाच्या वाट्याचं पाणी उलटं करू नका. आणि केलंच असेल, तर भरलेला गिलास घेऊन जा त्याच्याकडे. गाव कितीही उंचावर असलं तरी जा.