पडू दे जरा

शेळ्यांनी गिरिपुष्पाचा पाला हुंगला, नाकं फेंदारली आणि चौदाच्या चौदाजणींनी तोंड फिरवलं.

"भुकेनं मरतील, पण नखरे बघा!" जेनेझिया करवादली.

कुंपणापलीकडे शेजारी ओतासिल्यू हसला. तिच्या लेकीचा तो धर्मबाप, म्हणून तिला कोमाद्री म्हणायचा. "कोमाद्री, त्यांना बेलार्मिनूच्या हातची सवय. तुझ्या हातून नाही खायच्या त्या. उद्या माझा ट्रक बाजाराला निघतोय. हाडं व्हायच्या आत चढव."

सेर्तांवच्या कोरड्या मुलखात, त्या माळावर पाऊस नसल्याचं हे तिसरं वर्ष. हिरवं उरलं होतं ते तिच्या नवऱ्याने, बेलार्मिनूने, लावलेलं हे गिरिपुष्पाचं कुंपण. तो देवाघरी जाऊन महिनाही झाला नव्हता आणि त्याने साठवलेला चारा परवाच संपला होता. शेळ्याही गेल्या तर घर खायला उठेल. पण उपाशी तरी किती दिवस ठेवणार?

"आण ट्रक," ती म्हणाली आणि तोडलेल्या फांद्या तिने रागाने दगडी गडग्यावर भिरकावल्या.

बेलार्मिनूही तिथेच टाकायचा, पण आळसापायी. फांद्या तोडायच्या, गडग्यावर टाकायच्या आणि खुशाल ओसरीवर टांगलेल्या झोळीत जाऊन पडायचं. वीस वर्षं ती ओरडली, "तोडलंस तर घाल की लगेच त्यांच्यापुढे, आळशा!" वीस वर्षं त्याचं एकच उत्तर, "पडू दे जरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकचा भोंगा वाजला. दोर घेऊन ती बाहेर आली आणि थबकली. घंटावाली म्होरकी शेळी फासेरा गडग्यावर चढली होती, बाकीच्या खालून ओढत होत्या. कालचाच पाला चालला होता मटामटा. जेनेझियाने एक डहाळी उचलून हुंगली. पाला मलूल झाला होता, कालचा उग्र वास पार गेला होता.

"कोमाद्री, चढवू ना?"

"ने तुझा ट्रक परत."

"अगं, काल तर तोंड लावत नव्हत्या!"

"काल पाला ताजा होता. तोडला की पडू द्यायचा असतो जरा."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"नवऱ्यानं," ती म्हणाली. "वीस वर्षं शिकवत होता मेला."

ओतासिल्यू हसत हसत गेला. तिने उद्याच्या फांद्या तोडून गडग्यावर टाकल्या, हात पुसले आणि पहिल्यांदाच भरदुपारी नवऱ्याच्या झोळीत जाऊन आडवी झाली. झोळीत त्याच्या पाठीने पडलेला खळगा अजून तसाच होता.