मार्सीच्या नावाचं जेवण

ओगराळ्याची दांडी अजून गरम असणार, पण ती आता दुसऱ्याच हातात होती. डोरीन त्या हाताकडे बघत राहिली... फिकी गुलाबी नखं, मनगटावर बारीक सोन्याची साखळी, आणि खाली ताटाच्या कडेवरून टेबलावर ओघळणारा सॉस. तिचा सॉस – सकाळपासून गावातल्या आगीच्या बंबखान्याच्या हॉलमागच्या कोंदट स्वयंपाकघरात ढवळलेला, तळाला लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपलेला. "फक्त फोटोपुरतं हं," म्हणत खासदार ट्रॉस्टबाईंच्या मदतनीस मुलीने ओगराळं मागितलं होतं. आणि मी दिलं. हसत दिलं! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि त्याला एप्रनही मीच बांधला.

दारावर बहिणीचा, मार्सीचा फोटो लावला होता, केस होते तेव्हाचा. या गावात कुणी आजारी पडलं आणि विमा कंपनीने हात वर केले की असंच होतं – कुणी स्पॅगेटी शिजवतं, कुणी केक आणतं, अख्खं गाव तिकीट काढून जेवतं आणि त्यातून औषधं येतात. खाणीतल्या धुळीने छाती गेलेल्या वडिलांसाठीही असंच जेवण झालं होतं, याच हॉलमध्ये, तेव्हा कुणी खासदार फिरकला नव्हता. आता वॉशिंग्टनमध्ये आरोग्याचा नवा कायदा अडला होता आणि सगळ्या पुढाऱ्यांना एकाएकी इथल्या बायका आठवल्या होत्या.

"मी खासदार म्हणून नाही, एक बाई म्हणून बोलतेय," ट्रॉस्टबाई माईकवर म्हणाल्या. "या खोऱ्यातल्या प्रत्येक बाईला हा कायदा हवाय!"

गेल्याच आठवड्यात त्यांच्या विरोधातला उमेदवार टीव्हीवर छातीवर हात ठेवून सांगत होता, इथल्या एकाही बाईला हा कायदा नकोय. प्रत्येक बाई. एकही बाई नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि चीड याचीच की डोरीनला कायदा हवा होता, अगदी मनापासून हवा होता, पण या बाईच्या तोंडून तो ऐकताना आपलंच काहीतरी चोरून आपल्यालाच विकतायत असं तिला वाटत होतं. आमच्या वतीने तुम्हाला कुणी बोलायला सांगितलं? समोर बसलेल्या बायकांपैकी एकीला तरी विचारलंत?

"आणि आपल्या मार्सीला लढायचंय! तिला पुढचे उपचार हवेत, आणि ते तिला मिळालेच पाहिजेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोपऱ्यातल्या टेबलाशी निळा रुमाल बांधलेली मार्सी मांडीवर हात ठेवून बसली होती, कुणा दुसरीबद्दलच बोलणं चाललंय अशा चेहऱ्याने.

सकाळी गाडीत... "डोरीन, मी सोमवारी नाही जाणार हॉस्पिटलात. पुरे झालं आता." किती साध्या आवाजात म्हणाली! आणि मी म्हणाले, "बघ ना, रस्ता कसला निसरडा झालाय." रस्ता कोरडा ठणठणीत होता. मग मार्सी खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मी रेडिओ लावला.

ट्रॉस्टबाईंना कुणी सांगितलं, मार्सीला लढायचंय म्हणून? डोरीनला त्या बाईचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं – आणि तेवढ्यात जेवण ठरलं तेव्हा ट्रॉस्टबाईंच्या कचेरीतून आलेला तो फोन आठवला. मदतनीस मुलगी गोड आवाजात विचारत होती, "मार्सीला स्वतःला काय वाटतं?" मार्सी पलीकडच्या खोलीत होती, जागी होती. एक हाक मारायची होती फक्त. "तिला लढायचंय," मी म्हणाले. तिची बहीण म्हणून. मला नाही माहीत तर कुणाला?

राग कमी झाला नाही. उलट आणखी भडकला, फक्त आता तो कुणावर धरावा ते कळेना, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढायला ट्रॉस्टबाईही उरल्या नव्हत्या. मार्सीला मिठी मारून, फोटो काढून, काहीही न खाता त्या पुढच्या गावी निघाल्या होत्या. ओगराळं पातेल्यात दांडीपर्यंत बुडालेलं होतं. डोरीनने ते बाहेर काढून फडक्याने पुसलं आणि रांग पुन्हा सुरू केली.

रांगेत मार्सी आली. तिच्यामागून म्हातारे स्टँको ओरडले, "वाढ गं भरपूर! हात आखडू नकोस, लढायचंय पोरीला!"

"तुम्ही गप्प बसा हो!" डोरीन खेकसली. सगळे चमकले, ती स्वतःसुद्धा. ओगराळं काठोकाठ भरलेलं होतं, नेहमीसारखं मार्सीच्या ताटावर नेलेलं... वर्षभर हेच – सूप भरून, औषध भरून, धीर भरून, आणि मार्सी मुकाट्याने गिळतेय. आता जर तिला विचारलं, तर ती सांगेल. ताटाचं सांगेल, आणि सोमवारचंही सांगेल, आणि मग मला ते ऐकावं लागेल.

"किती वाढू?" डोरीनने विचारलं. आवाज चिरका आला, भांडल्यासारखा.

मार्सीने मान वर केली.

"थांब," ती म्हणाली. "सांगते."

मागे रांग चुळबुळत होती, कुणीतरी खाकरलं. डोरीनचा हात भरून आला, ओगराळ्यातून सॉस टेबलावर ठिबकत होता. ती थांबली.