घोट्याची पकड

आमच्या कुरुंद्यात पाठ मातीला लागली तरच पैलवान हरतो. आमच्या मालकानं, सोनाजी पैलवानानं, हा नेम घरातबी लावला. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'हरलो' काय, 'चुकलो'बी निघालं न्हाई. मरायच्या आधी एकदा तरी ते मला ऐकायचं व्हतं.

धोंड्याच्या महिन्यात लेक सृष्टी आन जावई विजयकुमार जेवायला आले. जावई परभणीत पोरांना इलायती कुस्ती शिकवतात. म्हनले, "मामा, त्यात पाठीचं काई न्हाई. सांधा पकडायचा, हलायची जागा बंद करायची. जोर थोडाच लागतो. समोरचा सोताहून 'हरलो' म्हनतो."

"दाखवा," मालक म्हनले. "आन मी म्हनल्याबिगर सोडायचं न्हाई. लेकीची शपथ हाय."

जावयानं अंगनात बसून त्यांचा घोटा काखेत दाबला. झालं. दहाचे बारा वाजले. मालक ताठ बसलेले. "पाठ कुठं लागली?" जावई घामाघूम, पन शपथ मोडता येईना.

पाव्हन्याला उपाशी कसं ठेवावं? दोघांच्या मधात ताट ठेवलं. जावयाचे हात अडकलेले, म्हनून मालकानंच त्याला पुरनाचे धोंडे भरवले. न्हावी येऊन दोघांची दाढी करून गेला. शेजारच्या नानीबाईनं इचारलं, "हे काहून असे बसले?" मी म्हनलं, "पाव्हनचार चालू हाय." जावयाचे पाय धुवायचे व्हते, ते मालकाच्या पोटावरच व्हते. मी तांब्यानं पानी ओतलं, मालकानं मानानं धुतले. 'हरलो' मात्र म्हनले न्हाई.

चार वाजता घोटा वांग्यावानी झाला. सृष्टी रडाया लागली आन माझं टाळकं सरकलं.

"जावईबापू, पाय सोडू नका. माझ्या काखेत द्या."

दिला त्यांनी.

"सृष्टी बारावी झाली तवा पुढं शिकवू नका म्हनून तुमी दारात आडवे पडले व्हते," मी मालकाला म्हनलं. "माझ्या भावाकडं राहून नर्स झाली. कोन चुकलं व्हतं?"

मालक आभाळाकडं बगत राहिले. मी जोर केला न्हाई. हलायची जागा तेवढी बंद ठेवली.

"मीच," ते म्हनले. मग लेकीकडं बगून, हळूच, "हरलो, बाई."

मला वाटलं व्हतं, ऐकून हसू येईल. रडूच आलं. पाय सोडला. तांब्यात उरलेलं पानी मी त्या सुजलेल्या घोट्यावर ओतू लागले.

"पाठ मात्र लागली न्हाई," मालक म्हनले.

"तांब्या खाली ठेवून परत पाय धरू का?" मी इचारलं.

मालकानं पाय पटकन पोटाशी ओढला.