मागे काय ऐकू आले

सकाळचे ऊन त्या घरात नेहमी मागच्या खिडकीतून येई. आधी ते गजांवर थबके, मग ओट्यावरच्या पातेल्याच्या काठाला एक बारीक सोनेरी रेघ ओढी, आणि कसलीच घाई नसल्यासारखे फरशीवरून सरकत टेबलाच्या पायांपर्यंत पोचे. तपासनीस चहाचा कप हातात धरून ते पाहत बसला होता. उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण वर जात, खाली येत, कशावरही न आदळता पुन्हा वर जात. अलीकडे त्याला सकाळ फार आवडू लागली होती. इतकी निःशब्द ती पूर्वी कधी नव्हती.

त्या पट्ट्यात बायको येऊन उभी राहिली, तेव्हा तिचे ओठ हलताना त्याला दिसले.

"अहो, तिसऱ्यांदा विचारतेय, डबा नेणार का?"

"तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस, मग कळणार कसं?"

"मी पुटपुटते? शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या, भांडण जुंपलंय की काय म्हणून!"

त्याने डबा उचलला.

पितळी नळ परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत तो चोवीस वर्षे एकच काम करीत होता: करारावर सह्या होण्याआधी नवे गिऱ्हाईक खरे की खोटे, हे पाहणे. पत्ता, नोंदणी, बँकेचा दाखला हे सगळेच तपासतात. पण कागद शिकवलेले बोलतात, असे तो म्हणे. माणसाच्या मागचा आवाज मात्र कोणाला शिकवता येत नाही. म्हणून तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावी आणि थोडे बोलून पुष्कळ ऐके. तपासणीच्या फॉर्मवर शेवटचा रकाना त्यानेच वाढवला होता: 'मागे काय ऐकू आले?' एकदा एका बड्या गोदामवाल्याच्या मागे त्याला पाळण्याची करकर ऐकू आली, आणि त्याने करार थांबवला. दोन महिन्यांनी त्याच माणसाने दुसऱ्या कंपनीला बुडवले. तेव्हापासून ऑफिसात त्याचे नाव 'तिखटकान' पडले. या नावाचा त्याला वरवर राग येई, आणि आतून ते त्याला वडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा प्रिय होते.

आज अकरा वाजता कंटेनरला सील लागायचे होते. नवे गिऱ्हाईक, पहिलाच करार, पैसे माल पोचल्यावर नव्वद दिवसांनी. ओतकाम करणाऱ्या तीस कारागिरांची तीन महिन्यांची मेहनत खोक्यांत बंद झाली होती, आणि ती निघणार होती तपासनिसाच्या शब्दावर.

कागदपत्रे पाहणारी मुलगी फॉर्म घेऊन आली. हल्ली ती बाजूने हाक मारीत नसे. अगदी समोर येऊन मगच बोले.

"काका, शेवटच्या रकान्यात 'शांत' लिहिलंय तुम्ही."

"शांत होतं म्हणून लिहिलं."

"नळांचं घाऊक दुकान, भर कामाची वेळ, आणि शांत?"

"अगं, असतात माणसं शिस्तीची. सगळीकडे आपल्यासारखा मासळीबाजार नसतो."

ती हसली नाही. तिने आणखी सहा फॉर्म टेबलावर मांडले. "हे या वर्षातले."

शांत. शांत. शांत. सहाही ठिकाणी त्याचेच वळणदार अक्षर. जगभरची ऑफिसे हळूहळू गप्प होत चालली आहेत, असे त्याला खरेच वाटले होते. त्यात त्याला एक सुखही वाटले होते.

"लाइनी खराब असतात हल्ली," तो म्हणाला.

"मग परत लावू. या वेळी मी ऐकते."

त्याने नंबर फिरवला आणि सवयीने रिसीव्हर आधी स्वतःच्याच कानाला लावला. रजईखालून कोणी कण्हावे तसे काहीतरी आले. त्याने रिसीव्हर तिच्या हाती दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. ती गोड आवाजात बोलत होती. बोलता बोलता पेन्सिलीने लिहू लागली. 'कुत्रं. टीव्ही. मागून कुणीतरी विचारतंय, आज आपण कुठली कंपनी?'

तिने फोन ठेवला. कागद त्याच्यापुढे सरकवला.

"काका," ती म्हणाली, "मालकांना मी सांगते, तुम्हालाच संशय आला, म्हणून परत फोन केला. विषय संपला. कुणाला काही कळायचं कारण नाही."

त्याला ते इतके हवेसे वाटले की क्षणभर त्याने डोळे मिटले. निवृत्तीला तीन वर्षे राहिली होती. एवढे एक नाव तर सोबत न्यायचे होते. पण डोळे उघडले तेव्हा सहा फॉर्म समोर तसेच होते, आणि त्यांतल्या चौघांचा माल अजून निघायचा होता.

त्याने ते गोळा केले आणि तो मालकांच्या खोलीत गेला. मुलगी मागोमाग आली.

"काय तिखटकान, सोडायचा ना कंटेनर?"

"थांबवा, मालक. गिऱ्हाईक खोटं आहे. आणि या सहा जणांनाही परत फोन लावायला हवेत. मी नाही, हिनं."

"सहाही? अहो, चोवीस वर्षांत तुमचं एक अक्षर चुकलं नाही."

एवढे बोलून मालक खिडकीकडे वळले आणि पाठमोरे काहीतरी बोलत राहिले. तपासनीस त्यांच्या हलत्या खांद्यांकडे पाहत उभा होता. मग ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. त्यांचा तो विचारून झाला होता, आणि ते उत्तराची वाट पाहत होते.

"मालक," तो म्हणाला. आपला आवाज केवढा निघतो आहे, याचा त्याला अंदाज येईना. "मला ऐकू येत नाही."