मशीनवरचा पेला

“खाली ठेवा! आधी खाली ठेवा!”

मावशींचा आवाज असा चढला की चौघा हमालांनी उचललेलं फ्लेक्स छापायचं मशीन मुकाट्याने पुन्हा जमिनीला टेकवलं.

“उभं केल्याशिवाय दारातून निघायचं नाही हे,” त्यांचा म्होरक्या घाम पुसत म्हणाला. “केवढं धूड आहे बघा की!”

“उभं केलंत तर पोटातली उरलेली घाण छपाईच्या हेडमध्ये उतरेल. दार काढा. बिजागरीसकट.”

“दार काढा म्हणे! मावशी, मशीन आहे का झोपलेलं बाळ?”

“बाळ रडून सांगतं तरी. हे मेलं न बोलता मरतं.”

मालकांचा मुलगा नाकाला रुमाल लावून बाहेर उभा होता. “त्या म्हणतात तसं करा रे,” फोनवरची नजर न काढता तो म्हणाला. परवाच त्याने मावशींना सांगून ठेवलं होतं, “मशीन नव्या दुकानात धड पोचलं, चाललं, तर तुम्हीही तिकडेच. हेड गेलं तर मात्र मी काय करणार, सांगा.” अठ्ठावन्नाव्या वर्षी मावशींना दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

म्हणून दोन दिवस त्या मशीनच्या मागे होत्या. नळ्यांतली शाई उतरवली. हेडची गाडी इकडेतिकडे सरकू नये म्हणून सुती पट्टीने आवळून बांधली. शेवटी खालचा, वाया गेलेल्या शाईचा कॅन रिकामा केला. लाल, निळा, पिवळा, काळा, सगळे रंग एकत्र कुजून त्यात शेवाळी चिखल झाला होता. तो बुळबुळत बाहेर पडला तेव्हा त्यांना ओकारी आली. वीस वर्षांत त्या वासाची सवय झाली नाही. आणि तशीच सवय झाली नाही या मशीनमधून निघालेल्या पुढाऱ्यांच्या तोंडांची. हात जोडून हसणारी, दहा-दहा फुटांची, एकेका दाताची छपाई तपासून घेणारी तोंडं. रात्री जेवताना ती डोळ्यांसमोर यायची आणि घास फिरायचा.

पण मोठ्या मालकांच्या वेळी त्याच मशीनने शाळेचे नकाशेही छापले होते. मावशी तेव्हा दुकानात झाडलोट करायला येत. मशीन आलं त्या दिवशी मालकांनी अख्खी खिडकी काढायला लावली, मशीनवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि म्हणाले, “पाणी सांडलं नाही म्हणजे मशीन कललं नाही. एवढं कळलं की अर्धं काम आलं.” उरलेलं अर्धंही त्यांनीच शिकवलं.

दार निघालं. मावशींनी तोच पेला भरून मशीनवर ठेवला.

“आता हे काय? मशीनला तहान लागली?” म्होरक्या म्हणाला, आणि बाकीचे तिघे फिदीफिदी हसले.

“सांडलं तर सांगते काय लागलं ते.”

टेम्पोत मावशी मशीनशेजारी उभ्या राहिल्या, एक हात पेल्यामागे धरून. प्रत्येक खड्ड्याला पाणी काठापर्यंत चढे आणि परत बसे. हसणारे हमालही हळूहळू पेल्याकडेच बघू लागले. नव्या दुकानाच्या पायरीवर तर म्होरक्याच ओरडला, “हळू रे भाड्यांनो, पाणी!”

दुकान चकचकीत होतं. बसायला मावशींचं स्टूल मात्र आलं नव्हतं. त्यांनी उभ्यानेच पेला बाजूला ठेवला, पट्टी सोडली, शाई भरली, तपासणीचा कागद काढला. बारीक रेघांची जाळी उमटली. एकही रेघ तुटली नव्हती. त्यांनी दोनदा बोट फिरवून पाहिलं.

“झकास!” मुलाने कागदाचा फोटो काढला. “चालू दाखवलं की भाव चांगला येतो. सोमवारी येतोय तो माणूस न्यायला.”

“न्यायला?”

“हे जुनं झालं हो, मावशी. आणि नवीन मशीनला माणूस लागतच नाही फारसा. बघू ना, काहीतरी बघू तुमचं.”

तो हसला. ते हसू मावशींनी हजारदा छापलं होतं. त्या कॅनचा कुजका वास पुन्हा नाकात आला. तो फोनवर बोलत आत निघून गेला.

हेड अजून कागदाच्या मध्यावरच उभं होतं. ते तिथेच राहू दिलं तर सोमवारपर्यंत शाई दगडासारखी वाळून हेड जाईल. कुणाला कळणारही नाही. मावशी हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. मग हेडच्या तोंडाशी साकळलेला तसाच शेवाळी थेंब त्यांना दिसला.

“शी!” त्या स्वतःशीच म्हणाल्या. फडकं भिजवलं, हेड पुसलं, सरकवत सरकवत त्याच्या जागेवर नेलं आणि वाळू नये म्हणून ओल्या स्पंजवर अलगद बसवलं.

पेला घेऊन त्या बाहेर आल्या. पायरीवर म्होरक्या एकटाच बसला होता.

“मावशी, पाणी मिळेल का? आत दोनदा मागितलं, कुणी लक्ष देईना.”

मावशींनी पेला पुढे केला. त्यावर त्यांच्या बोटांचे निळे ठसे उमटले होते.

त्याने हात अर्ध्यावर थांबवला. “हे मशीनचं ना?”

“मशीन पोचलं,” मावशी म्हणाल्या. “पी.”

तो एका दमात प्यायला. मावशींनी पेला उपडा करून झटकला, पदराने पुसला आणि पिशवीत टाकला.