डाग नसलेली गोगलगाय

आर्नुल्फला शेजारच्या गुद्वेइगचं होडीघर नको होतं. ते उभं राहिलं की त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला समुद्र गेलाच म्हणायचा, आणि चाळीस वर्षं रोज कॉफीबरोबर बघितलेला समुद्र सुखासुखी कोण सोडतो? पण नगरपालिकेला कुणाच्या खिडकीचं सोयरसुतक नसतं. गोगलगायींचं असतं.

म्हणून गडी भिंग घेऊन शेवाळात बसला. तिळाएवढ्या गोगलगायी, शंखावर बारीक उभे कंगोरे आणि तोंडाशी तपकिरी डाग. अशा तिथे ढिगाने होत्या. आठव्या दिवशी एक सापडली, तिला डागच नव्हता. पुस्तकात पाहिलं तर दुर्मीळ, संरक्षित! स्वारी हरखली. होडीघराविरुद्धच्या अर्जात ठोकून दिलं की गुद्वेइगच्या किनाऱ्यावर मिळाली. खरं तर ती मिळाली होती त्याच्याच धक्क्याखाली, पण गुडघे दुखत असताना गुद्वेइगच्या खडकांवर धडपडायचं कशाला? वीस पावलांचं तर अंतर. गोगलगाय काय सातबारा बघून राहते?

तपासणीला नगरपालिकेच्या सिनोवेबाई आल्या. सकाळभर त्यांनी गुद्वेइगचा किनारा चाळला. डागवाल्या शेकड्यांनी निघाल्या, बिनडागाची एक नाही. लाजाळू असते ती, नीट बघा, असं आर्नुल्फ दोनदा जाऊन सांगूनही आला. दुपारी बाई डबा खायला त्याच्या धक्क्यावर टेकल्या. एका हातात चीज लावलेला पाव, दुसऱ्या हाताने चाळणी सहज पाण्यात बुडवली, उचलली, आणि खायच्या थांबल्या.

"अहो आर्नुल्फ, अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तुमच्या धक्क्याखाली आख्खी वसाहत आहे."

पंधरा दिवसांनी पत्रं आली. गुद्वेइगला परवानगी. आर्नुल्फच्या धक्क्यावर पाऊल ठेवायचं नाही, डागडुजी करायची नाही, होडी ताबडतोब हलवायची. तक्रार करणार कुणाकडे? अर्जावर सही त्याचीच होती.

होडीघर झालं. लालभडक, खिडकीच्या बरोबर समोर. त्या रविवारी गुद्वेइग गरम वाफल घेऊन आली. बाई मनाने चांगली, हीच तर पंचाईत.

"अरे, तुझी होडी पावसात भिजतेय. माझ्याकडे ठेव की," ती म्हणाली. "इथे बसल्या बसल्या दिसेलही तुला."

आर्नुल्फने खिडकीकडे पाठ केली आणि तिने पुढे केलेली होडीघराची किल्ली घेतली.