बोरोदिनोचा भित्रा ढोलवाला

मी एक जुना रशियन सैनिक आहे, आणि मी रशिया कधी पाहिलेला नाही. माझा जन्म हिंगोलीचा. उंची तुमच्या करंगळीएवढी, अंग कथलाचं, अंगात हिरवा डगला आणि गळ्यात ढोल. मित्रांनो, सैनिक म्हटला की तुम्ही शौर्याच्या गोष्टी ऐकायला सरसावून बसता. माझ्याकडे त्या फारशा सापडायच्या नाहीत. मी जन्मापासून घाबरलेला आहे आणि घाबरायला मला कारणंही भरपूर मिळाली.

पहिलं कारण आग. कथील म्हणजे पितळी भांड्यांना कल्हई करायचा धातू, जरा आच लागली की पाणी होणारा. उद्धवआजोबा तहसील कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एका कल्हईवाल्याकडून उरलेल्या कांड्या घेतल्या. स्टीलच्या भांड्यांमुळे त्या बिचाऱ्याला काम उरलं नव्हतं. आजोबांनी घरच्या गॅसवर, लोखंडी पळीत मला वितळवलं आणि साच्यात ओतलं. मी पातळ होतो आणि मला कुठेच थांबता येत नव्हतं, एवढंच मला जन्माचं आठवतं. अजूनही घरात कुणी काडी ओढली की माझा जीव खालीवर होतो.

आजोबांना एकच नाद होता. रशियाचं सैन्य आणि नेपोलियनचं फ्रेंच सैन्य यांच्यात बोरोदिनो नावाच्या गावाजवळ मोठी लढाई झाली होती, ती टेबलावर मांडून खेळायची. पुस्तकातल्या चित्रांवरून त्यांनी आम्हाला घडवलं. पण चित्रातल्या ढोलवाल्याचा ढोल नेमका दुसऱ्याच्या कोपराआड लपलेला होता. मग आजोबांनी आपल्या गल्लीतून जाणाऱ्या वरातीतला ढोल आठवला आणि तोच माझ्या गळ्यात बांधला. झाला भलता मोठा, माझ्या पोटापेक्षा रुंद. त्यातून ओतताना साच्यात हवा अडकली आणि ढोल आतून पोकळ राहिला, खालच्या बाजूला बारीकसं भोक घेऊन. रंगवताना डोळेही जरा मोठेच झाले.

आजोबांचे मित्र संतराम पुसेगावचे शेतकरी. हळद विकायला मोंढ्यात आले की ते आमच्याकडे चहाला यायचे आणि फ्रेंच सैन्य त्यांचं असायचं. त्यांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि खो खो हसले.

"उद्धवराव, ह्यो रशियाचा हाय का पुसेगावच्या वरातीतला? आन् लढाईच्या आधीच भ्याल्यावानी काहून बघून राहिला?"

"असू दे रे. सगळ्यात महत्त्वाचा गडी आहे तो," आजोबा म्हणाले.

ते खरंच होतं. आजोबांनी नियमच तसा केला होता. ढोलवाला उभा असेपर्यंत पलटण पळत नाही. ढोलवाला पडला की सगळी फळी मोडली. आता सांगा, एवढं ओझं डोक्यावर असताना कुणाला झोप लागेल? खेळात फाशांऐवजी कवड्या टाकायचे. तोफ डागली की तिच्या तोंडाशी कापसाचा बोळा ठेवायचा, तो धूर. आणि जो सैनिक पडेल तो तेलाच्या रिकाम्या डब्यात जायचा, पुढच्या वर्षीपर्यंत. त्या डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकला की मला कापरं भरायचं.

लढाई सप्टेंबरातली म्हणून आजोबा ती भाद्रपदात मांडत, आणि भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसत. सून आकांक्षा दरवर्षी चिडायची, पण शेवटी अख्खं बोरोदिनो लक्ष्म्यांपुढे आरास म्हणून सरकवलं जायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आमच्यावरही चिमूटभर टाकून जायच्या. नेपोलियनच्या टोपीवर कुंकू पडलेलं मी कितीदा पाहिलं आहे. हे सगळं पाहायला आजोबांची नात जान्हवी कायम टेबलाशी असायची. ती चौथीत होती आणि सगळ्या नियमांची राखणदार होती.

गेल्या वर्षी लक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. संतरामांचं घोडदळ आमच्या बुरुजाला भिडलं होतं. कापसाचा धूर माझ्या गुडघ्यापर्यंत आला होता. खेळी आजोबांची होती. त्यांनी कवड्या मुठीत घेतल्या, मूठ वर उचलली, आणि कवड्या पडल्या. टाकल्या नव्हत्या, हातातून सुटल्या होत्या. एक माझ्या पायाशी येऊन थांबली. मी वर पाहिलं तर आजोबांचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता.

"उद्धवराव! असं काहून बघून राहिले? बोला की!" संतरामांनी त्यांना धरलं. "सूनबाई, पळा! जीप बोलवा!"

आजोबांना उचलून नेताना जान्हवी त्यांच्या हाताला लटकली होती. आजोबांच्या तोंडून शब्द धड फुटत नव्हते. तरी एवढं कळलं. "ढोलवाला... उभा राहू दे."

बस्स. जान्हवीनं ते मनाशी गच्च बांधलं. ढोलवाला उभा आहे तोवर आजोबांना काही होणार नाही. नांदेडच्या दवाखान्यातून ते परत येणार आणि अर्धी राहिलेली खेळी पुरी करणार. मित्रांनो, एका लहान मुलीनं आपल्या आजोबांचा जीव माझ्या पायांवर उभा केला होता, आणि माझे पाय कथलाचे.

जान्हवीचे बाबा दवाखान्यात थांबले. आकांक्षानं डोळे पुसले आणि ठरवलं की वर्षानुवर्षं चाललेल्या लक्ष्म्या चुकवायच्या नाहीत. आमच्याकडे पत्र्याच्या दोन कोठ्यांना साड्या नेसवतात, वर मुखवटे बसवतात आणि कोठ्यांच्या पोटात धान्य भरतात. त्यात ओटीचं म्हणून खारीक, बदाम, एखादं नाणं टाकायची रीत आहे. आरास लागली, पण घर माणसांनी भरलेलं. कुणाचा पदर टेबलाला लागे, कुणाचं लेकरू घोडदळाला हात घाली. जान्हवी माझ्यापुढे हात पसरून उभी राहायची. शेवटी तिचा धीर सुटला. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं मला उचललं, धाकट्या लक्ष्मीच्या निऱ्यांमागून कोठीचं झाकण सरकवलं आणि मला ज्वारीत ठेवलं.

"लक्ष्मीमाय, ह्याला सांभाळ. आजोबांना पण," ती पुटपुटली.

झाकण लागलं. तिनं मला ठेवलं होतं उभं, पण ज्वारी खचते. हळूहळू मी कलंडलो आणि दाणे तोंडावर आले. बाहेर आरती चालली होती, टाळ्या वाजत होत्या, आणि आत मी उताणा पडलो होतो. मला अंधाराची भीती वाटली, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ढोलवाला पडला आहे, हे जान्हवीला कुठे ठाऊक होतं? नांदेडला आजोबांचं आता काय होत असेल? मी मनातल्या मनात ओरडत राहिलो. कथलाला आवाज नसतो.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या. जान्हवीला आजोबांकडे घेऊन जायला संतराम सकाळीच आले होते, आणि एस.टी. चुकेल म्हणून ती घाईत, मला बाहेर न काढताच निघून गेली होती. इकडे आकांक्षानं साड्या उतरवल्या, घड्या घातल्या आणि कोठी पिशवीत उपडी केली. लक्ष्मीच्या पोटातल्या ज्वारीची भाकरी करून उद्या सासऱ्यांना डब्यात पाठवायची, प्रसाद म्हणून, असं तिच्या मनात होतं. संध्याकाळी पिशवी गेली भिकाबाईंच्या गिरणीत.

मित्रांनो, तुम्ही गिरणीत दळण घेऊन गेला असाल. तुम्हाला तो आवाज खालून ऐकू येतो. मी तो वरून ऐकला. भिकाबाईंनी पिशवी गिरणीच्या पसरट तोंडात रिकामी केली आणि दाण्यांबरोबर मीही घरंगळलो. तिथं एक लोहचुंबक बसवलेलं असतं. दाण्यांत चुकून खिळा किंवा टाचणी आली तर ते तिला धरून ठेवतं. मी त्याच्या अगदी जवळून गेलो. एक गंजका खिळा त्याला चिकटून सुखानं बसला होता. मीही अंग पुढे केलं. पण लोहचुंबक लोखंडाला ओळखतं, कथलाला ओळखत नाही.

खाली दोन दगड एकमेकांवर गरगरत होते. दाणे त्यांच्यात शिरत होते आणि पीठ होऊन पळत होते. माझी माती झाली असती ते एक, पण माझा भुगा त्या पिठात जाणार होता, ते पीठ भाकरीत, आणि भाकरी आजोबांच्या ताटात. ज्याच्यासाठी उभं राहायचं त्याच्याच पोटात मी असा जाणार! आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही, आणि मी किती भितो ते तुम्हाला आता ठाऊक आहेच.

पाय खाली गेले, कंबर गेली, आणि मी थांबलो. ढोल अडकला होता. पुस्तकातल्यासारखा नेटका ढोल असता तर मी सरळ दगडांत गेलो असतो. पण वरातीतला तो भलामोठा ढोल दाणे पडायच्या भोकात बूच मारून बसला. वरून ज्वारी दाबत होती, खालून दगड धडधडत होते. मग दाणे खाली जाईनात आणि दगड कोरडेच घासू लागले. जळका वास सुटला.

"आता ह्याला काय झालं?" भिकाबाईंनी गिरणी बंद केली आणि लोखंडी सळई घेतली. खडा असेल तर खाली ढोसून मोकळं करायचं, हा त्यांचा नेहमीचा उपाय. पहिल्या ढोशाला माझ्या हातातली ढोल वाजवायची एक टिपरी तुटली. दुसऱ्यासाठी सळई वर गेली.

"भिकामावशी, थांबा! थांबा!"

ती जान्हवी होती. नांदेडहून येताच ती कोठीकडे धावली होती, कोठी रिकामी पाहून किंचाळली होती, ज्वारी गिरणीत गेल्याचं कळताच सुटली होती, आणि आता आकांक्षा तिच्यामागे अनवाणी पळत आली होती. भिकाबाईंनी हात घालून मला वर काढलं.

"अगं माय! हे काय ध्यान अडकलं व्हतं गं? म्या तं खडाच समजले!"

जान्हवी मला मुठीत धरून रडायला लागली. आकांक्षानं आधी पिठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू ह्याला कोठीत ठेवलंस? मग मला सांगायचं नाही का?"

"तू पण घाबरलेली होतीस," जान्हवी हुंदके देत म्हणाली.

गिरणीच्या ओट्यावर बसून आकांक्षानं लेकीला जवळ ओढलं, आणि आजोबांना नेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळेपणानं रडली. भिकाबाईंनी गिरणी सुरू केली नाही. दोघींचं रडून होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या.

आजोबा दिवाळीच्या आधी घरी आले. काठी टेकत चालत होते, बोलणंही बरंच सुधारलं होतं. पण उजवा हात सतत थरथरायचा. टेबल तसंच होतं, सगळे जागच्या जागी, आणि मी एका टिपरीनिशी बुरुजावर उभा. आजोबा त्या खोलीत येईनात. संतराम येऊन फ्रेंचांच्या बाजूला ठाण मांडून बसले.

"खेळी तुमची हाय, उद्धवराव. मी तवापासून एक घोडा हलवला न्हाई."

"नको रे," आजोबा दारातूनच म्हणाले. "ह्या हातानं शिवलो तर माझीच फौज पडेल. भीती वाटते मला."

मी चकित झालो. आजोबांना भीती वाटते? ज्यांनी मला घडवलं त्यांना?

जान्हवी उठली. तिनं मला उचललं आणि त्यांच्या त्या थरथरत्या हातात ठेवलं, बोटं मिटवली. आणि मित्रांनो, मी वाजलो. गिरणीतल्या त्या दाबात ज्वारीचा एक दाणा ढोलाच्या भोकातून आत शिरून बसला होता. आजोबांचा हात थरथरला तसा तो दाणा आत नाचू लागला. टर्रर्र, टर्रर्र.

"हे काय वाजून राहिलं?" संतरामांनी मान पुढे केली.

आजोबांनी मला कानाशी नेलं. त्यांच्या ओठांची एकच बाजू हसली, पण पुरेशी हसली.

"ढोलवाला," ते म्हणाले. "पलटण पळत नसते, संतराम. आण कवड्या."

त्या कवड्या कशा पडल्या ते मला विचारू नका. एरवी धास्तीनं माझे डोळे कवड्यांवरच असायचे, पण त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, जपायचं म्हणून आम्हाला अंधारात लपवू नका, आणि लपवलंच तर निदान कुणाला तरी सांगून ठेवा. आणखी एक मागणं आहे. घरात कुणाचा हात थरथरत असेल तर त्या हातातून वस्तू काढून घेऊ नका. त्यात काहीतरी ठेवा. मी अजूनही भितो. आजोबाही भितात, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे. फार वाटायला लागलं की ते मला टेबलावरून उचलतात, आणि आम्ही दोघं मिळून ढोल वाजवतो.